एक कान मागे

"पण यात कमी काय आहे, तेवढं सांगा ना बुवा!"

यशोधननं भलामोठा फोटो दौलतगीर बुवांच्या मांडीवर ठेवला. ठेवला कसला, आदळलाच.

मी रोज सकाळी मठीवर दूध घालतो, म्हणून हे सगळं माझ्या देखत झालं. बुवा म्हणजे हिवरा-बाभळींच्या रानात चाळीस वर्षं एकटे राहिलेले गोसावी. यशोधन शहरातला फोटो काढणारा. नाव झालेला, आणि आपलं नाव झालंय हे स्वतःलाही चांगलंच ठाऊक असलेला.

फोटो खोकडाचा होता. खोकड म्हणजे आपल्याकडचा लहान कोल्हा, शेपटीचं टोक काळं. खरं सांगतो, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा इतका लख्ख फोटो.

"दोन स्पर्धांतून परत आलाय," यशोधन म्हणाला. "दोन्हीकडून एकच शेरा. रानातला वाटत नाही! अहो, याच रानात काढलाय. दोन महिने घासलेत मी इथं."

बुवांनी फोटो लांब धरला. मग जवळ धरला.

"रान कुठाय?"

"मागचं धूसर केलंय. मुद्दाम. नजर खोकडावर राहावी म्हणून."

"रानानं तुझं काय घोडं मारलं होतं?"

मला हसू फुटलं. यशोधननं असं काही पाहिलं माझ्याकडे, की मी गुपचूप दुधाची किटली विसळायला घेतली.

"खोकडाचे कान बघ," बुवा म्हणाले.

"बघितलेत की. दोन्ही ताठ, समोर. सुरेख आलेत."

"दोन्ही तुझ्याकडे... मग मागचं कोण ऐकतंय?"

यशोधन फोटोवर वाकला.

"खोकडाचा एक कान कायम मागं असतो. खाताना, पिताना, पिल्लाला चाटतानासुद्धा. तुझ्या हातात काय होतं?"

यशोधन फोटोची कडा पुसायला लागला.

"मी काय विचारतोय?"

"कोंबडीचे तुकडे." त्याचा आवाज एकदम खाली आला. "थोडेच हो. आता शीळ घातली की येते. राणी नाव ठेवलंय मी तिचं."

"नावही ठेवलंस!" बुवांनी कपाळावर हात मारला. "परवा तुझी राणी डांबरी रस्त्याच्या कडेला बसली होती. कुणी मोटारसायकल थांबवली, तर ही उठून सरळ त्याच्यापुढे. मागून मेंढपाळांची कुत्री आलेली कळलंसुद्धा नाही तिला. मी ओरडत धावलो म्हणून वाचली. पोटात पिल्लं आहेत तिच्या."

यशोधनचा चेहरा खर्रकन उतरला. स्पर्धा, शेरा, सगळं त्याच्या डोक्यातून गेलेलं मला दिसलं.

बुवा उठले. अंगणाच्या कडेचं मातीचं ढेकूळ उचलून त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं.

"हे काय?"

"तिच्यासाठी. उद्या शीळ घाल आणि हे फेक."

"मी? मी मारू तिला?"

"पायाशी पडलं पाहिजे. अंगाला लागलं, तर माझ्याशी गाठ आहे."

"मग तुम्हीच फेका ना बुवा. मला नाही..."

"मी फेकलं तर ती मला भिईल. तुझ्याकडे येतच राहील. आणि तुझ्यासारख्या प्रत्येकाकडे."

यशोधननं ढेकूळ तळहातावर फिरवलं.

"ती विसरेल मला."

"विसरून कसं चालेल? चांगली आठवण राहिली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मीही त्याच्यामागून गेलो. बघायला, खोटं कशाला बोलू!

त्यानं शीळ घातली. हिवराच्या आडून ती दुडूदुडू आली, थेट त्याच्याकडे. दहा पावलांवर थांबली. दोन्ही कान समोर.

यशोधनचा हात वर गेला आणि तिथंच अडकला. मग त्यानं डोळे मिटून फेकलं. ढेकूळ तिच्या पुढ्यात फुटलं.

ती दचकून मागं सरली. मग पुढं आली. ढेकूळ हुंगलं. त्यातला एक तुकडा तोंडात घेतला, टाकला, आणि पुन्हा वर त्याच्याकडे बघायला लागली.

यशोधन माझ्याकडे वळला. "मला नाही जमायचं हो," म्हणाला. रडत होता गडी. मला त्याचा रागही येत होता आणि कीवही.

मठीवर येऊन त्यानं सगळं सांगितलं. बुवा तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"उद्या दोन ने."

...

तो गेला. रोज गेला. कॅमेरा गाडीत ठेवून जायचा. शीळ, ढेकूळ, आरडाओरडा. तेलाचा रिकामा डबासुद्धा बडवला. पाचव्या दिवशी ती वीस पावलांवर थांबली. आठव्या दिवशी झाडांपलीकडूनच बघून वळली. याचा घसा बसला, डबा बडवून तळव्याला फोड आले, पण पठ्ठ्या हटला नाही. तिला लळा लावताना जेवढी जिद्द केली होती, त्याच्या दुप्पट आता केली. मी मनातल्या मनात त्याला हात जोडले.

अकराव्या दिवशी त्यानं शीळ घातली, आणि बोरीच्या जाळीतून शेपटीचं काळं टोक तेवढं पळताना दिसलं.

"पळाली! अहो, पळाली!"

त्यानं मला मिठीच मारली. हसत होता, आणि माझा खांदा भिजला होता.

त्यानंतर तो पंधरा दिवस लांब एका बांधाआड पालथा पडून राहिला. कॅमेरा घेऊन. ना शीळ, ना तुकडा. एके सकाळी मी दूध ओतत होतो, तेव्हा तो नवा फोटो घेऊन मठीवर आला. या खेपेला त्यानं तो दोन्ही हातांनी बुवांपुढे ठेवला.

फोटोत अख्खं रान होतं. वाळलेलं कुसळी गवत, हिवर, पिकल्या बोरांची जाळी. आणि त्या जाळीखाली, नखाएवढी, ती. बोर खात होती.

बुवांचं बोट फोटोवरून हळूहळू फिरलं.

"हा आपला वाकडा हिवर... ही बोर... ही..."

बोट थांबलं. एक कान समोर. एक मागे.

बुवा उठले. त्यांनी तो फोटो देवाच्या कोनाड्यात उभा करून ठेवला. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

यशोधननं त्यांचे पाय धरले.

"स्पर्धा गेली खड्ड्यात, बुवा. मला इथंच ठेवून घ्या. तुम्ही सांगाल ते करीन, तुम्ही म्हणाल तेवढंच ऐकेन. आजपासून माझे दोन्ही कान तुमच्याकडे!"

बुवांनी पाय सोडवून घेतले. चार पावलं मागं गेले. अंगणाच्या कडेचं ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते यशोधनच्या पायाशी येऊन फुटलं.

"अहो बुवा!" मी ओरडलोच.

यशोधन दचकला. मागं सरला. मग वाकून त्यानं ढेकळाचा एक तुकडा उचलला, प्रसादासारखा कपाळाला लावला, आणि पुन्हा वर बुवांकडे बघायला लागला.

बुवांनी दुसरं ढेकूळ उचललं.

"पहिल्या दिवशी तिनंही हुंगलंच होतं."