किनारीखालच्या रेषा

एकदा एक कापडाचा व्यापारी तब्बल बावीस वर्षांनी आपल्या वृद्ध चित्रकार गुरूंच्या दारात येऊन उभा राहिला. तरुणपणी तो त्यांच्याकडे लघुचित्रे शिकत असे. तळहाताएवढ्या कागदावर अख्खे वन उभे करायची ती कला. पुढे वडील गेले, दुकान गळ्यात पडले आणि 'जरा बस्तान बसू दे' म्हणता म्हणता केस पिकले. आता मुले कर्ती झाली होती, सवड होती. हात मात्र आपला उरला आहे की नाही, या धास्तीने त्याला ग्रासले होते.

त्याने एक जुने अर्धवट चित्र पुढे ठेवले. हरिणी पूर्ण होती, फक्त डोळा राहिला होता.

"मग काढ की," गुरुजी म्हणाले.

त्याने बारीक कुंचला उचलला, श्वास रोखला. बोटे अशी थरथरू लागली की टोक कागदाला टेकवायचा धीर होईना. "गुरुजी, हात गेला माझा," तो पडेल आवाजात म्हणाला. "हा डोळा बिघडला, तर पुन्हा कुंचल्याला शिवायचं नाही, असं ठरवूनच आलोय."

"मोठाच निश्चयी तू," म्हातारा हसला. मग त्याने त्याच दिवशी पूर्ण केलेले आपले देखणे चित्र घेतले, कडेने डकवलेल्या सोनेरी किनारीवर ओला बोळा फिरवला आणि ती चक्क सोलून काढली.

किनारीखाली नुसते फराटे होते. वाकड्या, तुटक, थरथरत्या रेषा.

"या कुणाच्या?"

"माझ्या. आज सकाळच्या. रोज बसलो की पहिल्या दहा-बारा अशाच येतात. त्या कडेला काढतो, हात वळणावर आला की आत शिरतो आणि शेवटी किनार डकवतो. तू यायचास दुपारी, तोवर सगळं झाकलेलं असे. तुला वाटलं, गुरूचा हात कापतच नाही. हे तेव्हाच दाखवायला हवं होतं, ती चूक माझी. अरे, मी एका रात्रीनंतर परततो, तू बावीस वर्षांनी परतलास. तुला दहाऐवजी दोनशे रेषा लागतील, इतकंच. पण त्या हरिणीच्या डोळ्यात कशाला काढतोस?"

व्यापाऱ्याने आपल्या चित्राची कड पाहिली. ती अगदी कोरी होती. तशाच कापऱ्या हाताने त्याने तिथे एक रेषा ओढली. ती वाकडी आली. त्याने दुसरी ओढली.

संध्याकाळपर्यंत चारी कडा भरल्या; डोळा तसाच राहिला. निघताना त्याने चाचरत विचारले, "गुरुजी, उद्या सकाळीच येऊ का? तुम्ही बसता तेव्हा?"

गुरुजींनी आपल्या चौरंगाशेजारी त्याच्यासाठी जागा केली.