चौथा पाय

“एका पायापायी माणूस जाऊ द्यायचा असतो का, अण्णा?”

अण्णा हुदळीकरांनी मान वर केली नाही. ते ब्रश पुसत होते.

हाच प्रश्न मी गावात पोलीसपाटलाला विचारला होता, जंगलखात्याच्या गार्डला विचारला होता. आईला विचारला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली.  

महिपती माझा थोरला भाऊ. तैलरंगात रानातली जनावरं काढायचा, अगदी हुबेहूब. अण्णा त्याचे गुरू. आमचं गाव दाजीपूरच्या जंगलाला लागून. दादा तिथून कोल्हापूरला चित्र घेऊन यायचा, अण्णा काय म्हणतील ते ऐकायचा आणि मुकाट परत न्यायचा.

उन्हाळ्यात त्यानं गवा आणला होता. अण्णांनी पाहिला आणि एवढंच म्हणाले, “जनावर जमिनीवर उभं नाही.”

तेव्हापासून दादा पाणवठ्यावर जायला लागला. चिखलात गव्याचा पाय कसा रुततो ते बघायचा. बघून आला की जुन्या पायावर नवा पाय चढवायचा. मग परत जायचा. असे तीन पाय झाले; चौथा उन्हाळ्यातलाच राहिला.

चौथ्यासाठी गेला आणि गव्यानं त्याला शिंगावर घेतलं.

ते चित्र मी दुधाच्या टेम्पोत घालून आणलं होतं. आता ते अण्णांच्या भिंतीला टेकून उभं होतं.

“चौथा पाय तुमी काढा,” मी म्हणालो.

“का?”

“शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“कावळ्याला.”

अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

दहाव्याला कावळा शिवत नव्हता. ऊन डोक्यावर आलं. मामा म्हणाला, “केरबा, आईला सांभाळीन म्हण.” म्हणालो. कावळा झाडावरच. आत्या म्हणाली, “त्याची मोटरसायकल विकणार न्हाई म्हण.” म्हणालो. कावळ्यानं पाठ फिरवली.

मागून कुणीतरी बोललं, “आरं, त्याचा जीव काय गाडीत हुता व्हय? गाडीला तेल घालायचा न्हाई. तेल समदं रंगात!”

लोक हसले. माझा भाऊ राख झालेला आणि लोक हसले.

मग मी ओरडलो, “दादा, तुझा गवा पुरा करून घेतो!”

कावळा खाली आला…

मी हे सगळं सांगितलं. अण्णा ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. त्यांचं लक्ष चित्राकडं होतं.

“मला तो पाय काढता येणार नाही,” ते म्हणाले.

“जल्मभर गवंच काढलं की तुमी!”

“मी पाहिले ते काढले. महिपतीनं पाहिलेला पाय मी पाहिला नाही.”

“आवं, पाय त्यो पाय! तीन हाईत म्होरं. बघा आन् काढा.”

“उन्हाळ्यात त्यानं तेच केलं होतं. एक पाय पाहिला, चार काढले. म्हणून तर मी त्याला परत पाठवला.”

“पाठवला आन् मेला.”

“हो.”

ते ‘हो’ अगदी साध्या आवाजात आलं.

खोलीत तेलाचा आणि टर्पेंटाइनचा वास कोंडला होता. दादाच्या शर्टांना हाच वास यायचा. आई त्याचे शर्ट वेगळे धुवायची. आता धुवत नाही.

“तो पडला ती जागा तू पाहिलीस?” अण्णांनी विचारलं.

“मीच उचलून आणला त्याला.”

“चिखल कसा होता?”

मी बघतच राहिलो.

“काय?”

“तिथला चिखल. गव्याचा पाय उठलेला होता का?”

“माझा भाऊ तिथं फाटून पडला हुता! आन् तुमी चिखल इचारताय?”

“त्यानं तेच पाहिलं असणार. शेवटचं.”

“लोकांनी तुडवला हुता! कायबी दिसत नव्हतं! समदी पायताणं, समदी माणसांची!”

अण्णांनी डोळे मिटले…

माझं डोकं फिरलं. स्टुलावर टर्पेंटाइनचा डबा होता, शेजारी चिंधी. मी चिंधी त्यात बुचकळली.

“एकच खोटा कशाला ठेवायचा? ऱ्हाऊ द्या चारी खोटं!”

आणि चित्रातल्या गव्याचा पुढचा पाय घासला.

अण्णांनी माझा हात धरला नाही.

दादा रंग दाट लावायचा. श्रावणातल्या दमट हवेत तो अजून वाळला नव्हता. सहज निघाला. खालचा उन्हाळ्यातला पाय मात्र पक्का वाळलेला होता. तो तसाच वर आला.

मी मागं सरलो.

आतापर्यंत मला ते चारही पाय सारखेच दिसत होते. गुडघ्यापर्यंत काळे, खाली पांढरट, पायमोजे घातल्यासारखे. कुठला नवा, कुठला जुना, मला सांगता आलं नसतं. पण आता तो एवढा धिप्पाड गवा पुढच्या बाजूनं हलका झाला होता. कुणी दोरीनं वर ओढून धरल्यासारखा. मागच्या दोन नव्या पायांखाली चिखल दबला होता, खुराच्या कडेनं वर आला होता, खुरांच्या फटीत शिरला होता. सगळ्या गव्याचा भार त्या दोन पायांवर होता.

हे मला पुसल्यावर दिसलं.

मी चिंधी उलगडली. आत पांढरट राड होती. दादानं रानात जाऊन आणलेला पाय तो.

“अण्णा… धरलं का न्हाई मला?”

  अण्णांनी आपला उजवा हात डाव्या हातानं दाबून धरला होता.

“परत काढा ओ. पाया पडतो तुमच्या. ह्यो बी काढा, त्यो बी काढा. माझा शब्द गेला. म्या काय सांगू दादाला?”

अण्णा उठले. रंगाच्या पाटीवर पांढरा रंग पिळला, त्यात जरासा पिवळा मिसळला. एक चपटा ब्रश घेतला आणि माझ्यापुढे धरला.

“शब्द कुणी दिला?”

“म्या.”

“मग धर.”

“अण्णा, मी सातवीतनं शाळा सोडल्याली. दूध घालतो. मला साधं मांजर काढाय येत न्हाई.”

“धर.”

मी ब्रश धरला. चौथ्या पायापाशी नेला. डोळ्यांपुढं गवा आणायला गेलो, तर दादाच आला. चिखलात, एक हात अंगाखाली गेलेला, तोंडात माती. मी ती बोटानं काढली होती…

ब्रश टेकला. दाबला गेला. वर घेतला तेव्हा तिथं पाय नव्हता, चिखलही नव्हता. दूध सांडून पसरावं तसा एक डाग होता.

दादासाठी मी केलेलं शेवटचं काम ते. त्यानंतर त्याच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नाही.

“मला न्हाई येत ह्यो पाय,” मी म्हणालो.

अण्णा त्या डागाकडे बघत राहिले.

“त्यालाही येत नव्हता,” ते म्हणाले.