पांढऱ्या पानाचं पोट

एका गावात तुळाजी नावाचा माळी होता. त्याच्या दारात एक जास्वंद होती, आणि खरं सांगायचं तर गाव आधी जास्वंदीला ओळखायचं, मग तुळाजीला. तिची पानं अर्धी हिरवी, अर्धी दुधासारखी पांढरी. येणारे-जाणारे थांबून बघत आणि तुळाजीची पाठ थोपटत. झाडाला रोज नदीवरून पाणी आणायची त्याची बायको चिमा. पण घागरीचं कौतुक कोण करतंय?

एका वर्षी राजाने दवंडी पिटवली. सर्वांत देखणं झाड जो आणील, तो राजबागेचा मुख्य माळी. नेमकी तेव्हाच जास्वंदीला एक फांदी फुटली, पूर्ण पांढरी. तुळाजी हरखला. सगळा रस हिलाच मिळावा म्हणून बाकीच्या फांद्या छाटायला त्याने कोयता उचलला.

"ज्यांनी झाड इथवर आणलं, त्यांच्यावरच कोयता?" चिमा म्हणाली.

पण मनातल्या मनात मुख्य माळी झालेल्या माणसाला बायकोचं कुठलं ऐकू येणार! त्याने पांढरी फांदी सोडून सगळं झाड छाटून टाकलं.

चार दिवस पांढरी फांदी झळकली. मग तिने मान टाकली आणि बघता बघता वाळून गेली. पांढऱ्या पानाला स्वतःचं अन्न करता येत नाही, त्याचं पोट हिरवं पानच भरतं. तुळाजीला हे उमगलं तेव्हा दारात नुसतं खोड उरलं होतं. मान गेला आणि झाडही गेलं.

चिमा मात्र त्या खोडाला रोज पाणी घालत राहिली. मेलेल्याला पाणी कशाला, असं त्याने चिडून विचारलं.

"इतकी वर्सं फुलं दिली त्यानं. आता तहानेला नाही कसं म्हणायचं?"

दुसऱ्या दिवशी घागर त्याने उचलली. नदीची चढण चढताना त्याला धाप लागली. ही चढण ती रोज चढत आली, या विचाराने त्याचे डोळे भरून आले.

पावसाळा सरला आणि खोडाला अंकुर फुटला, हिरवागार, कडेला पांढरी रेघ. पुढच्या वर्षी राजाने पुन्हा झाडं मागवली, तेव्हा तेच झाड त्याला आवडलं. राजाने मुख्य माळ्याच्या मानाचा शेला पुढे केला, तेव्हा तुळाजीने मागे उभ्या असलेल्या चिमाला हाताला धरून पुढे आणलं.

"महाराज, मी पांढरं पान. मला हिनं जगवलं. शेला हिच्या खांद्यावर घाला."

तात्पर्य: ज्यांच्या कष्टांवर आपण शोभतो, त्यांचे उपकार विसरू नयेत, आणि मान मिळेल तेव्हा आधी त्यांना पुढे करावं.