हौसाची वीत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या कवठळीत टोमॅटोला कुणी टोमॅटो म्हणत नव्हतं तेव्हाची. तेव्हा त्याला बेलवांगी म्हणायचे. नदीकाठच्या मळ्यांत ती इतकी लागायची, की संध्याकाळी वाफेच तांबडे दिसायचे, असं म्हणतात.

तिथं भावाच्या मळ्यात हौसा राहायची. नवरा आधीच गेला होता. मग ठमी गेली, तिची एकुलती लेक, अजून पहिलं पाऊलही न टाकलेली. तिला मळ्याच्या बांधावर पुरलं. त्या जागी एक काटेवांगं उगवलं. काटेवांगं म्हणजे रानातलं वांगं. अंगभर काटे, फळ कडू, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. पण हौसा त्याला रोज तांब्याभर पाणी घालायची. लोकांना कळत होतं, ते झाड कुणी उपटलं नाही.

मग मर आली. आज हिरवंगार दिसणारं झाड उद्या मान टाकायचं. उपटून पाहावं तर मुळं काळी, कुजलेली. गावानं काय डोकं चालवलं? झाड अशक्त झालंय, खाऊ घाला! ओलं शेण पाट्याच्या पाट्या बुडाशी ओतलं. पानं माजली. मुळांना मात्र जागच्या जागी ताट मिळालं, ती कशाला पाय पसरतील? त्यात शेणाच्या उष्णतेनं भाजली. निम्मं रान मेलं होतं, ते सगळं मेलं.

हौसाचा भाऊ रावजी कंटाळला. म्हणाला, "आक्का, ही शेवटची लावण. जगली तर ऱ्हाऊ, न्हाईतर जमीन इकून मामाच्या गावाला जाऊ."

"आन् ठमीला कुठं सोडू?" हौसा म्हणाली.

रावजी घरामागं लावणीसाठी वाढवलेल्या बेलवांगीच्या रोपांना पाणी घालायला निघून गेला.

हौसा बांधावर जाऊन बसली. चहूकडे वाळलेलं रान, हिरवं एवढं काटेवांगंच. आणि तिच्या मनात आलं, असं म्हणतात, की बेलवांगी तरी कोण? नावातच वांगं आहे. म्हणजे ही दोघं एकाच घरातली! तिनं काट्यांवर हात ठेवला. "ठमे, हिला तुझ्या पायावर उभी करशील का गं?"

झाडाखाली बी सांडून रोपं उगवलीच होती. तिनं त्यांचे शेंडे छाटले, देठ चिरले, चिरेत घरामागच्या रोपांतला बेलवांगीचा शेंडा बसवला, केळीच्या सोपटानं बांधला आणि ओल्या पाटीखाली झाकून ठेवला. "आंब्याचं कलम ऐकलंय, भाजीचं कुनी करतं व्हय?" म्हणून गाव पोट धरून हसलं. पाटी उचलली तेव्हा शेंडे ताठ उभे होते.

लावणीच्या वेळी रावजी खत घेऊन आला. हौसानं आडवा हात धरला. अंगठा देठाला टेकवला, करंगळी ताणून मातीवर ठेवली.

"लेकराच्या उशाशी ऊन खत नको. मुरलेलं आन, आन् करंगळीच्या पल्याड टाक. भूक लागली की जाईल ती चालत."

आणि गेली की हो चालत! खताच्या शोधात मुळं वाफ्याबाहेर गेली, बांध ओलांडून गेली. असं म्हणतात, की त्या वर्षी नदीच्या दरडीतून पांढरीशुभ्र मुळं बाहेर आली आणि वाकून पाणी प्याली. झाडं माणसाच्या डोक्यावर गेली. मर पुन्हा आली, मळ्याभोवती फिरली आणि काटे बघून निघून गेली. रावजीनं गाव सोडायचं नाव पुन्हा काढलं नाही.

हौसा म्हातारी होऊन गेली, तिला ठमीच्या शेजारीच ठेवलं.

आता कलमी रोपं रोपवाटिकेतून ट्रेमध्ये येतात. पण कवठळीत खत टाकताना माणूस अजून खाली वाकतो, अंगठा देठाला टेकवतो आणि करंगळी लांबवतो. त्या अंतराला हौसाची वीत म्हणतात. आणि कलमाच्या खालच्या, मुळांच्या भागाला आमच्याकडे ठमी म्हणतात. लावणीनंतर नवं पान फुटलं, की रोपानं मूळ धरलं असं समजायचं. तेव्हा शेजारचा मळेवाला बांधावरून हाक मारतो,

"काय, ठमी चालाया लागली का?"

"लागली," आम्ही म्हणतो.