मधल्या माचीचा दोर

"दोघींतली कोण, बाबा?"

म्हाळूबाबानं मान वर केली नाही. तो दोर तपासत होता. वाखाचा दोर, अंगठ्याएवढा जाड. वीतभर बोटांखालून काढायचा, कुठं पीळ सुटलाय का बघायचं, मग पुढची वीत.

"बाबा, मी विचारतोय..."

"ऐकलं."

एवढंच. परत वीत, परत बोटं.

राजा उदेभान कड्याजवळ उभा होता. वय एकोणीस. गादीवर बसून जेमतेम वर्ष झालेलं. तीन दिवस त्याच्या पोटात अन्नाचा कण नव्हता आणि डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मधली माची म्हणजे राज्य तरी केवढं... पश्चिमेला हा कडा, कड्याखाली धुक्याची दरी. पूर्वेला विस्तवाचा डोंगर. धुक्यात माणसं राहत होती, विस्तवातही राहत होती, आणि त्यांचं एकमेकांशी हाडवैर होतं. आजवर दोघांनीही माचीला हात लावला नव्हता, कारण माचीचा राजा दोघांचाही कुणी लागत नव्हता.

उदेभानचं मन मात्र दोन्हीकडे गेलं. धुक्याची राजकन्या निहारा, विस्तवाची राजकन्या अंगारिका. आणि खोटं म्हणावं तर दोन्हीकडं खोटं नव्हतं. तेच तर वाईट होतं.

गोष्ट दोन्ही घरी कळली. मग धुकं कडा चढून वर यायला लागलं. त्यात गेलेलं माणूस परत येईना. पूर्वेकडच्या विहिरी उकळायला लागल्या. जमीन अशी तापली की गुरं एका जागी पाय ठेवीनात.

आणि दोन्हीकडून एकच निरोप आला. आज सूर्य बुडायच्या आत राजानं आपला उजवा हात दोघींपैकी एकीच्या हातात द्यायचा. जिचा हात धरील, तिची माणसं राजाला राखतील. दुसरीची माणसं माची पुसून टाकतील.

कुणालाच हात दिला नाही, तर दोन्हीकडची येतील.

घरंदारं टाकून सगळी माणसं मधल्या माळावर, देवळापाशी जाऊन बसली होती. कड्याकडे फिरकायची कुणाची छाती नव्हती. इथं होते फक्त म्हाळूबाबा आणि त्याचा मेहुणा कान्हू.

कान्हू खैराच्या झाडाला टेकून बसला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेले.

तो म्हणाला, म्हणजे वाऱ्याला म्हणाला, "कुणीतरी कुणाला तरी सांगा, कमरेची गाठ ढिली बसलीय."

बाबानं गाठ चाचपली. "उदे, त्याला म्हणावं, मला डोळे आहेत."

"डोळे आहेत तर मग गाठ का ढिली, असं विचारा, महाराज."

उदेभाननं एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. "मामा, बाबा म्हणतात..."

"मी बहिरा नाही, महाराज. बोलत नाही फक्त."

बावीस वर्षं हे असंच. कान्हूच्या धाकट्या मुलाच्या बारशाला म्हाळूबाबा आला आणि पान वाढायच्या आत उठून गेला. का गेला ते त्यानं सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. तेव्हापासून शब्द बंद.

पण दर हंगामात म्हाळूबाबा मधासाठी या कड्यावरून खाली लोंबला, तेव्हा वर दोर धरून बसला तो कान्हूच. माचीची रीतच तशी. मध काढणाऱ्याचा दोर बायकोच्या भावानं धरायचा. आपल्या बहिणीचं कुंकू तो कसं पुसू देईल?

गादीवर बसण्याआधी राजाच्या मुलानं वर्षभर मध काढणाऱ्याच्या घरी शिकायला राहायचं, ही पण रीतच. उदेभान राहिला होता. त्याला वाटायचं, आपण सगळं शिकलो.

"त्यासाठीच आलोय, बाबा," तो घाईनं म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत. बायकोचा भाऊ दोर धरतो. मग कुणाच्या भावाच्या हातात माझा दोर देऊ? निहाराच्या, की अंगारिकाच्या? कुणाकडे मी जास्त..."

"जास्त काय?"

"जास्त सुखरूप राहीन."

बाबाची बोटं थांबली.

"तू बायको शोधतोयस, की मेहुणा?"

खैराखाली कान्हू फसकन हसला. मग हसू आल्याचाच त्याला राग आला असावा. तोंड फिरवून बसला.

उदेभानचे कान तापले. "हसा. तुमचं सोपं होतं. तुम्हाला एकच बायको होती."

"होती," बाबा म्हणाला. "भागीला जाऊन तीन वर्षं झाली."

हे उदेभानला ठाऊक होतं. पण त्याचा अर्थ त्यानं कधी लावला नव्हता.

"मग... आता मामा दोर का धरतात?"

"मी विचारलं नाही."

तेवढ्यात खालून आवाज आला.

बारीक आवाज. रडण्याचा. रडून रडून घसा बसल्यावर लहान मूल हुंदके देतं ना, तसा.

कान्हू ताडकन उठून उभा राहिला. दुपारपासून तो आवाज येत होता. थांबायचा, परत यायचा.

"कोण आहे खाली?" उदेभाननं विचारलं.

कान्हू कड्याच्या कडेशी गेला.

"मामा, कोण आहे?"

"माझी नात," कान्हू म्हणाला. "गुंजी. सात वर्षांची. परवा करडू आणायला म्हणून उतारावर गेली. करडू आलं."

उदेभानला आठवलं. धुक्यात हरवलेल्यांची नावं दरबारात वाचून दाखवली होती. चौदा नावं. आधी माझा निर्णय होऊ दे, मग बघू, असं तो म्हणाला होता.

"आणि हात?" त्यानं हळूच विचारलं.

"काल विहिरीवर पोहरा ओढत होतो. पाणी उसळून वर आलं." कान्हूनं गुंडाळलेले दोन्ही हात पुढे केले. "नात पश्चिमेनं नेली, महाराज. हात पूर्वेनं नेले. तुम्ही कुणाशी पण लगीन करा. माझ्याकडे तिसरं काही राहिलं नाही."

बाबानं दोर कमरेला आवळला. एक वेढा खैराच्या बुंध्याला घातला आणि दोराचं उरलेलं टोक उदेभानसमोर धरलं.

"मी?"

"त्याचे हात गेले."

"बाबा, ते धुकं असेल. धुकं माणसाचा आवाज काढतं. निहारानंच सांगितलंय मला. आईचा काढतं, लेकराचा काढतं... माणूस खाली उतरावं म्हणून."

"असेल."

"मग ती नसेल तर?"

"असली तर?"

सूर्य कड्याच्या समोर उतरायला लागला होता. "झाडाला बांधून टाकू. गच्च. मला जायचंय, बाबा. हात द्यायचाय. वेळ..."

"झाडाला ऐकू येत नाही," बाबा म्हणाला. "एक हिसका दिला की सोड. दोन दिले की थांब. तीन दिले की ओढ. दगडाच्या धारेवर दोर एका जागी घासू देऊ नकोस. तुटेल."

"पण रीत... दोर बायकोच्या भावानं धरायचा. मी तुमचा कोण?"

"राजा ना?"

"हो."

"राजा म्हणजे नात्यानं कोण?"

उदेभाननं दोराचं टोक हातात घेतलं. वर्षभरात हे तो शिकलाच नव्हता. तो बघत राहिला आणि म्हातारा कड्यावरून पाय खाली सोडून दिसेनासा झाला.

दोर ताणला. उदेभाननं घट्ट पकडला. एक हिसका. त्यानं थोडा सोडला. परत एक. परत सोडला.

खाली धुकं होतं. पांढरं, दाट. त्यात म्हातारा आधी गुडघ्यापर्यंत गेला, मग छातीपर्यंत... मग नुसता दोर राहिला. जणू दोर धुक्यालाच बांधला होता.

रडणं थांबलं.

"का थांबलं?" उदेभान कुजबुजला.

कान्हूच्या कपाळावर घाम होता.

दोन हिसके. थांब.

उदेभान थांबला. तळहात सोलवटले होते. पायाखाली काहीतरी ऊन लागत होतं. त्यानं बघितलं, पूर्वेकडचं गवत पिवळं पडत पडत त्याच्याकडे येत होतं. आणि त्या जळत्या वाटेवरून अंगारिका आली. पावलागणिक दगड लाल होत होता.

"काय रे राजा," ती म्हणाली, "हमाली करायला लागलास?"

ती हसली. हे हसू ऐकायला तो महिनाभर डोंगर तुडवत गेला होता.

"सूर्य बघ. आण तो हात."

पश्चिमेकडून गारवा आला. धुकं कड्याच्या कडेवर चढलं होतं आणि त्यात कमरेपर्यंत बुडालेली निहारा उभी होती. तिचे डोळे भरलेले.

"उदे, एकच हात. मी जास्त मागत नाही. माझे लोक वर निघालेत. मला ते थांबवता यायचे नाहीत."

"खाली मूल आहे का?" उदेभान ओरडला. "निहारा! खरं सांग. ते मूल आहे, की तुमचा आवाज?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. आणि रडायला लागली. "खरंच मला माहीत नाही."

दोर ढिला पडला.

एकदम ढिला. वजन नाही, हिसका नाही. उदेभाननं जरासा ओढला, तर दोर नुसता हलका वर आला.

"मामा..."

कान्हू कड्याच्या टोकाशी पालथा पडून खाली बघत होता. बघायला काही नव्हतंच, सगळं पांढरं.

"म्हाळ्या!" तो ओरडला. "म्हाळ्या, आहेस का रे?"

बावीस वर्षांनी.

खालून काहीच नाही.

"म्हाळ्या! बारशाला जेवायला थांबला नाहीस, आता इथं तरी थांब! अरे बोल ना मेल्या..."

धुकं त्याच्या तोंडापर्यंत आलं. पूर्वेकडून खैराची खालची पानं करपायला लागली. सूर्याची कोर दरीपलीकडच्या डोंगराला टेकली.

"सोड ते," अंगारिका आता हसत नव्हती. तिच्या आवाजात काळजी होती. "म्हातारा गेला, उदे. तुला दिसत नाहीये का? माझ्याजवळ ये. नाहीतर आमचे लोक तुला पण सोडणार नाहीत."

"मी तुला धुक्यातून चालवीन," निहारा म्हणाली. "तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही. हात दे."

दोन हात. एक उजवीकडून, एक डावीकडून. दोन्ही त्यानं एकेकदा हातात धरलेले. दोन्ही त्याला हवे होते. आणि आता दोन्ही इतके जवळ होते की नुसती बोटं उघडली असती तरी पुरलं असतं.

लहानपणी ताप चढल्यावर आईला धरून ठेवायचा, तसा त्यानं तो ढिला दोर छातीशी धरला होता.

मग हिसका बसला.

एक... दोन...

तीन.

उदेभाननं ओढलं. दोर हलेना. परत ओढलं. दोर जड झाला होता. म्हातारा उतरला तेव्हा एवढा जड नव्हता.

"मामा! वजन वाढलंय!"

कान्हू धडपडत मागे आला. हात तर नव्हतेच. त्यानं दोराचं टोक कोपरांनी कसंबसं कमरेभोवती घेतलं, जमिनीवर बसला, दोन्ही टाचा खैराच्या मुळाला टेकवल्या आणि सगळं अंग मागे टाकलं.

"ओढा, महाराज! तोंड काय बघताय माझं! ओढा!"

हातभर दोर वर आला. परत हातभर. तळहातांतून रक्त येऊन दोर निसटायला लागला, तसा उदेभाननं तो मनगटाभोवती गुंडाळून घेतला. धारेवर दोराचा एक पीळ तटकन तुटला. त्यानं दोर जरा बाजूला सरकवला.

पूर्वेकडून ढोल वाजायला लागले. पश्चिमेकडून शिंगं. सूर्य अर्धा राहिला.

"उदे!" निहारा.

"उदे!" अंगारिका.

"बाबा!" उदेभान कड्याखाली ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "बाबा, दोन्हीकडची आली! दोघी हात मागतायत! काय सांगू?"

धुक्यातून आधी एक हुंदका आला. बारीक, घसा बसलेला. मग धापा टाकत म्हातारा बोलला.

"सांग, हात मोकळे नाहीत."