झिपऱ्या डोंगराची ओटी

एकदा काय झालं... आधी पाय पांघरुणात घ्या बघू सगळ्यांनी. शिरप्या, तुझा गुडघा माझ्या बरगडीत घुसतोय. हां, असं. आता कुणी मधे बोलायचं नाही.

एकदा काय झालं, एक होता डोंगर. त्याचं नाव झिपऱ्या. का? तर त्याच्या अंगावर गुडघ्याएवढं गवत, करवंदीच्या जाळ्या, ऐन-बेहड्याची झाडं, आणि खाली वीतभर पालापाचोळा. कधी विंचरलेला नाही, कधी न्हाव्याकडे गेलेला नाही. आपल्या शिरप्यासारखाच, बरं का!

डोंगराच्या अंगावर आडव्या ताली होत्या. ताल म्हणजे काय? उतारावर रचलेली दगडांची बुटकी भिंत. वरून पाणी धावत आलं की ताल म्हणायची, "थांब बाई, जरा टेक, मग जा." मग पाणी टेकायचं. जवळची माती तिथंच ठेवायचं. थोडं जमिनीत मुरायचं आणि उरलेलं शहाण्यासारखं चालत खाली जायचं. मुरलेलं पाणी पायथ्याशी झऱ्यातून बाहेर यायचं. सगळा गाव त्या झऱ्याचं पाणी प्यायचा. दुसरं पाणीच नव्हतं हो प्यायला.

झऱ्याखाली तळं होतं, आणि तळ्याकाठी राहायची ठकू कुंभारीण. अंगानं काटकुळी, तोंडानं फटकळ. नवरा चाक फिरवायचा आणि ठकू मडकी थापायची. मडकं ओलं असतानाच आत हात घालून बुडाशी पांढऱ्या मातीची एक चांदणी काढायची. तिची सासू काढायची, सासूची सासू काढायची. आणि गावाची रीत अशी, की सकाळी झऱ्याचं पाणी भरायचं, मडक्यात वाकून बघायचं. चांदणी दिसली तर पाणी प्यायचं. नाही दिसली तर त्या पाण्यानं गोठा धुवायचा. आणि दिसली तरी ठकू पदरानं गाळूनच प्यायची. डोळ्यांना न दिसणारं पुष्कळ असतं पाण्यात.

आणखी एक रीत होती. उन्हाळ्यात तळं आटलं की घरटी एक पाटी गाळ उपसायचा. पाटीला हळदीकुंकू लावायचं, डोक्यावर घ्यायची आणि डोंगर चढून तालीच्या वरच्या अंगाला रिकामी करायची. याला म्हणायचे डोंगराची ओटी. पावसात वरची माती खाली येते ना, ती म्हणजे माहेरपणाला आलेली लेक. उन्हाळ्यापर्यंत तिला ठेवून घ्यायचं, आणि मग मानानं घरी पोचवायचं. नेम एकच. ज्याची पाटी त्यानंच उचलायची. दुसऱ्याला ती उचलत नाही, असं म्हातारी माणसं सांगायची. खरं-खोटं कुणी करून बघितलं नव्हतं.

मग काय झालं, जुना राजा वारला आणि नवा गादीवर बसला. हा राजा भारी टापटिपीचा! ताटाबाहेर शीत सांडलं की वाढप्याची खैर नाही. मिशी दोन्हीकडून दोऱ्यानं मापून घ्यायचा. त्यानं तळ्याकाठी पांढराशुभ्र राजवाडा बांधला, खिडकीत बसला, आणि समोर बघतो तर झिपऱ्या.

"शी!" राजा म्हणाला. "हा काय अवतार!"

मग राजानं हुकूम सोडला. डोंगरावरचा पालापाचोळा झाडून काढा. शंभर माणसं आठ दिवस झाडत होती. सगळा पाला जाळला. त्या पावसाळ्यात मडक्यातली चांदणी अंधूक झाली.

पुढच्या वर्षी राजा म्हणाला, गवत कापा, जाळ्या उपटा, झाडं तोडा. डोंगराची हजामत झाली म्हणा ना. त्या पावसाळ्यात चांदणी दिसेनाशी झाली. लोकांनी पाणी दोनदा गाळलं, तीनदा गाळलं, आणि नाक मुरडून प्यायलं. बोललं कुणी नाही.

तिसऱ्या वर्षी राजानं तालींकडं बोट दाखवलं. "त्या दगडांच्या ओळी कशाला? उचला. माझ्या दरबारात फरशीला घाला." आणि वर आणखी दवंडी पिटली, की यंदापासून ओटी बंद. राजरस्त्यावर चिखल सांडतो.

ठकूचा नवरा आपला खुशीत. "अगं, तळं बघ गाळानं कसं भरलंय! घरबसल्या माती. लांब जायला नको."

"तळं भरलंय, म्हणूनच मला झोप लागत नाही," ठकू म्हणाली.

मग त्यांनी त्या मातीची शंभर मडकी केली आणि भट्टी लावली. उघडून बघतात तर ऐंशी मडकी तडकलेली. ठकूनं एक खापरी उचलली, बोटांनी चुरली. चिकणमाती नव्हतीच ती. नुसता मुरूम आणि रेती.

ठकूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अहो, आधी डोंगराची कातडी खाली आली. मग मांस आलं. आता हाडं यायला लागलीत. उद्या झरा कुठून वाहणार?"

नवरा खापऱ्या गोळा करायला लागला. ठकू मात्र गप्प बसणारी नव्हती. तिनं पदर खोचला, तळ्यात उतरली, पाटी भरली, हळदीकुंकू लावलं, डोक्यावर चुंबळ ठेवली आणि निघाली. कुठून? आडवाटेनं? छे! भर दुपारी, भर राजरस्त्यानं, राजाच्या खिडकीखालून, टप टप चिखल सांडत!

शिपाई धावत आला. "ए बाई, पाटी खाली ठेव!"

"ठेवली," ठकू म्हणाली. "आता दे फेकून."

शिपायानं पाटीला हात घातला. पाटी हलेना. मग चार शिपाई आले. त्यांनी दोर लावला, दोर तुटला, चौघे उताणे पडले. मग राजाचा हत्ती आणला. हत्तीनं सोंड गुंडाळली, जोर लावला, डोळे पांढरे केले आणि मटकन खाली बसला. रस्त्यात हीऽ गर्दी!

"झालं का रे तुमचं?" ठकू म्हणाली. "सरका." आणि तिनं एका हातानं पाटी उचलून डोक्यावर घेतली. डोंगर चढली. पण ताली कुठं होत्या? मग तिनं उरलेसुरले धोंडे गोळा केले, हातभर ताल रचली, आणि तिच्यामागं ओटी रिकामी केली.

राजा खिडकीतून सगळं बघत होता. त्याची मिशी एका बाजूनं थरथरायला लागली. त्यानं ठकूचं चाक फोडून टाकलं.

"चाक फोडलंत," ठकू म्हणाली. "डोकं आहे ना शाबूत पाटी न्यायला?" आणि दुसऱ्या दिवशी निघाली. तिसऱ्या दिवशी निघाली. रोज निघाली. तिला अडवून अडवून शिपाईच दमले. पण एकटी बाई किती पुरी पडणार? सगळा डोंगर उघडा, आणि ताल हातभर.

मग आला पाऊस. नेहमीसारखाच, काही जास्त नाही. पण त्याला "थांब बाई" म्हणायला वाटेत कुणी नव्हतं. पाणी धावत सुटलं, डोंगराची माती घेऊन तळ्यात आलं. तळं गाळानं आधीच काठोकाठ. पाण्याला बसायला जागा नाही. मग ते कुठं जाणार, सांगा? उतार होता राजवाड्याकडं. गेलं की सरळ दरबारात! पांढऱ्या भिंती तांबड्या झाल्या. सिंहासनाच्या गुडघ्यापर्यंत चिखल!

आणि खरा घात पुढंच झाला. दिवाळी व्हायच्या आत झरा आटला. डोंगरात पाणी मुरलंच नव्हतं, तर बाहेर काय येणार? तीन कोसांवरून पाणी आणायची पाळी आली. बायकांच्या माना दुखायला लागल्या. राजाच्या घशालासुद्धा कोरड पडली.

चिखल काढायला राजानं माणसं लावली. खराटे रुतून बसले. फावडी वाकली. कुणाला ओंजळभर चिखल उचलेना. मग राजानं ठकूला बोलावणं पाठवलं.

ठकू आली. पायसुद्धा न पुसता तश्शी दरबारात आली.

"ठकूबाई," राजा म्हणाला, "तुला पाटी उचलते. हा चिखल काढ. मागशील ते देतो."

"नाही," ठकू म्हणाली.

प्रधान ओरडला, "महाराजांना नाही म्हणतेस?"

"म्हणते की. तुम्हांला ऐकू नसेल आलं तर पुन्हा म्हणते. नाही!" मग ती राजाकडं वळली, आणि काय सांगू, राजाला चक्क अरे-तुरे केलं तिनं! "अरे राजा, ही पाटी माझी नव्हे. डोंगराची लेक तू फरफटत घरात आणलीस. आता बसलीय दरबारात रुसून. तूच पोचव तिला. हळदीकुंकू लावून, स्वतःच्या डोक्यावरून. नाहीतर बस असाच, कोरडा घसा घेऊन."

राजा लालबुंद झाला. त्यानं प्रधानाला पाटी उचलायला लावली. प्रधानाची कंबर धरली, पाटी जागची हलली नाही. मग राजानं खिडकीतून बाहेर बघितलं. झिपऱ्या डोंगर कसा दिसत होता माहीत आहे? ओरबाडलेला. उघडानागडा. राजाला पहिल्यांदा त्याची लाज वाटली. की स्वतःची वाटली, कोण जाणे.

मग तो उठला. जोडे काढले. दोन्ही हातांनी चिखल भरला, हळदीकुंकू लावलं, पाटी उचलली. फुलांच्या परडीसारखी आली हो वर! राजा डोंगर चढला. चिखल कपाळावरून ओघळला, मिशीतून ठिबकला. पहिली पाटी टाकली, दुसरी टाकली, तिसरी टाकली. आणि तिसऱ्या पाटीनंतर दरबारातला चिखल साध्या चिखलासारखा झाला, कुणालाही उचलेल असा. मग सगळा गाव आला, सगळे दरबारी आले. प्रधानसुद्धा आला, कंबर धरून.

फरशीचे दगड उखडले. ताली पुन्हा उभ्या केल्या. गवताचे ठोंब लावले, झाडांच्या बिया टोकल्या. झाडू मात्र कुणी लावायचा नाही, पाला पडेल तिथं पडू द्यायचा. ठकूनं पहिल्यांदा काय केलं असेल? नवं चाक मागून घेतलं. फोडलं होतं ना? मग!

मग पावसाळा झाला. झरा थेंब थेंब वाहू लागला. ठकूनं मडकं भरलं आणि दरबारात आणून ठेवलं. दरबारी वाकले. "दिसली! दिसली! महाराज, चांदणी दिसली!"

"डोळे तपासून घ्या," ठकू म्हणाली. "काही दिसत नाही."

दुसरा पावसाळा झाला. झरा करंगळीएवढा झाला. ठकूनं मडकं आणलं. दरबारी पुन्हा "दिसली" म्हणणार, तोच राजा म्हणाला, "नाही दिसत, ठकूबाई. गढूळच आहे. का बरं?"

मग ठकू डोंगरावर गेली. एक एक ताल चालत बघितली. सगळ्यांत वरच्या तालीत एक भोक होतं. बस, एका दगडाचं. तेवढ्यातून पाणी सुसाट येत होतं आणि खालची माती उकरून नेत होतं.

ठकू दरबारात आली. "एक दगड कमी आहे. कुठाय?"

राजा खाली बघायला लागला. दरबारातली जमीन एका बाजूला खचली होती, म्हणून सिंहासन डुगडुगायचं. टापटिपीचा राजा तो, त्याला कसं चालणार? त्यानं सिंहासनाच्या एका पायाखाली एक काळा चपटा दगड सरकवून ठेवला होता. तालीचाच.

"एका दगडानं काय होतंय?" राजा पुटपुटला.

"डोंगराला विचार," ठकू म्हणाली, आणि चालती झाली.

राजा संध्याकाळपर्यंत तसाच बसून राहिला. मग खाली वाकला, दगड ओढला, डोक्यावर घेतला आणि एकटाच डोंगर चढला. स्वतःच्या हातानं भोक बुजवलं.

मग तिसरा पावसाळा आला आणि गेला. झरा मनगटाएवढा झाला. ठकूनं मडकं आणलं. राजा वाकला. किती तरी वेळ वाकूनच राहिला. बुडाशी पांढरी चांदणी. त्यानं तिची पाचही टोकं मोजली. राजाच्या डोळ्यांतून एक थेंब मडक्यात पडला, पाणी हललं, निवळलं, आणि चांदणी परत दिसली.

"दिसली," राजा हळूच म्हणाला.

"मग पी की," ठकू म्हणाली. "पण थांब, आधी गाळू दे." आणि पदर धरला.

तेव्हापासून त्या गावात दर उन्हाळ्यात डोंगराची ओटी भरतात. पहिली पाटी राजाची. झिपऱ्या पुन्हा झिपऱ्या झाला, झरा बारमाही झाला, ठकूची मडकी तडकायची थांबली, आणि सगळे सुखानं नांदू लागले. फक्त राजाचं सिंहासन तेवढं जन्मभर डुगडुगत राहिलं. कुणी म्हणालं, महाराज, पायाखाली काही तरी घालू का? की राजा म्हणायचा, "राहू दे. इथला दगड कामावर गेलाय."

झाली गोष्ट. आता तुम्हीही डुगडुगायचं थांबा आणि डोळे मिटा. शिरप्या, उद्या तुझ्या झिपऱ्यांना तेल लावणार आहे मी. कापायच्या नाहीत, घाबरू नकोस. झोप.