बावीस पायऱ्यांचं जेवण

"पण बाबा, ज्यानं पैसे घेतले त्याचंच जेवण जेवायचं आणि त्याच्याच कामाला बरं म्हणायचं... हा कुठला न्याय?"

मुरारीनं विचारलं तेव्हा रहमानबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून आपल्या चपलेचा अंगठा शिवत होते. 

डोंगरावरच्या पाच वाड्यांचा मिळून एक फंड होता. त्याला ना कुणी मालक, ना कुणी अध्यक्ष. एक लोखंडी पेटी, तिला पाच कुलपं, आणि पाच किल्ल्या पाच वाड्यांत. पाचही वाड्यांनी मनावर घेतल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

जो त्यातून काम करील त्याच्यावर बंधन एकच. काम संपलं की कामाच्याच जागी प्रत्येक वाडीच्या एका माणसाला जेवू घालायचं. कुणाला धाडायचं ते ज्या त्या वाडीनं ठरवायचं. पाचही माणसं जेवून उठली तर काम पावलं. एक जरी उपाशी उठलं, तर ते काम नीट होईतो काम करणाऱ्यानं पेटीकडे पुन्हा हात करायचा नाही.

मुरारी तालुक्याला कॉलेज शिकून आलेला. दोन वर्षं बाबांच्या पायाशी बसत होता, पण हे जेवण काही त्याला पचत नव्हतं. गोड शिरा पोटात गेल्यावर खरं कोण बोलणार? म्हणून त्यानं महिनाभर खपून बत्तीस प्रश्नांचा एक तक्ता केला होता. आज पाच वाड्यांनी तो मानला, की जेवण कायमचं बंद आणि तक्ता सुरू. त्याला नुसतं बाबांचं "हो" हवं होतं.

"वाचून दाखव," बाबा म्हणाले.

मुरारीनं घसा साफ केला. काम कोंडिबा ढेब्याचं होतं, झऱ्यावर उतरायच्या पायऱ्यांचं.

"पायऱ्या किती ठरल्या? बावीस. किती झाल्या? बावीस. दगड घडीव का? घडीव. एखादा डुगडुगतो का? नाही..."

बत्तीसच्या बत्तीस उत्तरं चोख. एक खाडाखोड नव्हती.

"आणि नुसता कागदावर विसंबलो नाही, बाबा. मी स्वतः दोनदा उतरलो, दोनदा चढलो."

"हातात काय होतं?"

"हा तक्ताच की."

"हं..." बाबांनी दोरा दातानं तोडला. "चल. जेवायला बोलावलंय."

झऱ्याकाठी तीन दगडांच्या चुलीवर भात रटरटत होता. कोंडिबा ताडमाड उंच गडी, स्वतःच्या घराच्या दारातही त्याला वाकून शिरावं लागे. आज मात्र तो ताठ उभा होता. हे काम पावलं, की गुरांसाठी हौद मागायचा, हे त्यानं केव्हाच ठरवलं होतं. उन्हाळ्यात त्याच्या म्हशी पाण्यासाठी कोसभर जात.

चार पत्रावळींवर चार माणसं बसली होती. पाचवी रिकामी. वरच्या वाडीची.

तेवढ्यात वरून हाक आली.

"आरं ए कोंडिबा! मी खाली येऊ, का तू जेवान वर आनतूस?"

बाविसाव्या पायरीवर, काखेत रिकामी घागर आणि हातात काठी धरून ठकूआजी उभी होती.

"ये की आजे! तुझ्यासाठीच केल्यात पायऱ्या!"

"माझ्यासाठी? मला वाटलं उंटासाठी!"

झऱ्याकाठी सगळे हसले. मुरारी हसला नाही. त्यानं पायऱ्यांकडे पाहिलं. एकेक पायरी कोंडिबाच्या नडगीइतकी होती. म्हणजे आजीच्या गुडघ्याच्याही वर.

"मग आजी, तुम्ही पाणी नेता कुठून?" त्यानं ओरडून विचारलं.

"जुन्या वाटंनं! करवंदीच्या जाळीतनं! समद्या बाया तिकडनंच जात्यात."

"मग मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तू इचारलंस कुनाला? कोंडिबाला! त्यानं कंदी घागर उचललीया का?"

जेवायला बसलेली एक बाई पत्रावळीकडे बघत पुटपुटली, "शिरा वाढलाय, आता बोलू कसं... पर मीबी आज करवंदीतनंच उतरले."

बाकीच्या तिघांचे हात पानावरच थांबले.

मुरारीनं बाबांकडे पाहिलं. शिरा म्हणजे लाच, हे त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं... आणि त्याचा त्याला काडीचाही आनंद झाला नव्हता. बाबा झऱ्यात पाय सोडून बसले होते.

कोंडिबाचं तोंड उतरलं. दोन-दोन पायऱ्या ओलांडत तो वर गेला आणि आजीसमोर उकिडवा बसला.

"आजे... हौद गेला म्हनायचा माझा?"

"हौदाचं मागनं बघू. आधी मला खाली ने."

त्यानं तिची घागर हातात घेतली आणि तिला पाठीवर घेतलं. ती त्याच्या खांद्यावर काठीनं टकटक करत पायऱ्या मोजत होती. "धा... अकरा... आरं दमानं, मी घागर न्हाई!"

खाली येऊन ती पाचव्या पत्रावळीवर मांडी घालून बसली. शिऱ्याचा वास घेतला. पण पानाला बोट लावलं नाही.

"दर दोन पायऱ्यांमधी एक दगड बशीव. मंग जेवते."

"कवा बसवू?"

"तुजा शिरा गार व्हायला लागलाय, बघ बाबा."

पुन्हा हशा पिकला. कोंडिबानं खरोखरच कुदळ उचलली. जेवायला बसलेली चारही माणसं हात धुऊन उठली आणि दगड शोधायला लागली. पण एक-दोन घटकांत उरकणारं काम ते नव्हे. शेवटी ठरलं, आठ दिवसांनी पुन्हा जेवण, इथेच. हौदाचं बोलणं त्यानंतर.

"शिरा मातुर वाया घालवू नगंस," आजी म्हणाली. "दे बांधून. घरी जाऊन खाईन, हितं न्हाई."

कोंडिबानं पानात शिरा बांधला. हसत हसत बांधला, आणि चांगला दोन डाव जास्तच घातला.

मुरारी बाबांपाशी येऊन बसला. हातातल्या तक्त्याच्या कडा त्यानं चुरगाळून टाकल्या होत्या.

"फाडून टाकू का हा?"

"चांगला कागद आहे. फाडतोस कशाला?"

"मग... तेहेतिसावा प्रश्न कोणता घालू?"

 बाबांनी आजीची घागर झऱ्यात बुडवली, काठोकाठ भरली आणि मुरारीच्या डोक्यावर ठेवली.

"आधी ही वर पोचव."

मुरारीनं तक्ता सदऱ्याच्या खिशात कोंबला आणि चढायला लागला. तिसऱ्या पायरीला पाणी मानेवरून पाठीत गेलं. दहाव्या पायरीला डोळ्यांत. पंधराव्या पायरीवर तो चक्क खाली बसला. खालून आजी ओरडली, "आरं पोरा, पानी वर न्यायचंय! तू आंघूळ काय करतूस?"

बाविसावी पायरी चढून तो वर आला, तेव्हा सदरा अंगाला चिकटला होता. खिशातला तक्ता भिजून लगदा झाला होता. धापा टाकत त्यानं समोर पाहिलं.

बाबा आधीच येऊन दगडावर बसलेले. जुन्या वाटेनं आले होते. ओंजळीत करवंदं, ओठ जांभळे.

मुरारीनं घागर उतरवून त्यांच्यासमोर ठेवली. बाबांनी वाकून आत डोकावलं. घागर अर्धी होती.

मग त्यांनी एक करवंद तोंडात टाकलं.

"हं," ते म्हणाले. "आता वाचून दाखव."